तिथली भाकर

घोळवे साहेब ताटावर बसले, की आधी भाकरी उलटी करून बघायचे. नवख्याला वाटायचं, करपली का ते बघतायत. वाढणारी बाई बिचारी ओशाळून जायची. पण साहेब बघायचे ते भाकरीवरचे डाग. मग भाकरी सुलटी करायची, कडेचा तुकडा मोडायचा आणि म्हणायचं, "तिथं डाग ह्याच्याहून बारीक असतात. खाऊन सांगतोय." तिथं म्हणजे कुठं, हे आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तिथं म्हणजे मेक्सिकोत.

मी त्यांचा शेजारी, लिंबाजी. कारखान्याच्या भांडारात स्टोअरकीपर होतो. ते शेतकी अधिकारी, म्हणजे हुद्द्यानं माझ्याहून कितीतरी वर, पण क्वार्टर भिंतीला भिंत लागून. त्यांच्याकडं फोडणी पडली की शिंका आमच्याकडं. साहेब मूळचे उमापूरकडचे. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, अंगावर बारा महिने बदामी रंगाची सफारी. त्यांच्या घरच्या सिंधूवहिनी नांदूरघाटच्या, लहानखुऱ्या आणि बोलायला कमी. साहेबांचं मेक्सिको सुरू झालं की त्या उंबऱ्यात उभ्या राहायच्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या आणि ऐकायच्या. तेच ते किती वेळा ऐकलेलं, पण त्या माउलीच्या चेहऱ्यावर कधी कंटाळा दिसला नाही. मला यायचा, आणि मी तो लपवायचोही नाही. "साहेब, तुमचं मेक्सिको आता विटलं," असं तोंडावर म्हणायचो. साहेब हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून लागायचे.

त्यांच्या खिशात चुन्याची डबी असायची. आता ह्यात नवल ते काय, आमच्या बीडकडं चुन्याची डबी कुणाच्या खिशात नसते? पण साहेब तंबाखू खात नव्हते. पानसुद्धा नाही. डबी नुसती दाखवायला. समोरचा माणूस नवा असला की ती काढायची, अंगठ्यानं झाकण उघडायचं आणि सांगायचं, "तिथं मका ह्याच्यात उकळतात. साल सुटून येती." ऐकणारा मान डोलवायचा आणि तेवढ्यात बोटभर चुना काढून स्वतःची तंबाखू मळून घ्यायचा. फुकटचा चुना मिळतो म्हणून शेतकी विभागातले निम्मे लोक मेक्सिको ऐकायला बसायचे, असं माझं स्पष्ट मत होतं.

हे मेक्सिको मुळात आलं कुठून, ते सांगायला हवं. तळी भरलेली होती, रानोमाळ ऊस डुलत होता, कारखान्याला बरे दिवस होते, तेव्हाची गोष्ट. त्या दिवसांत परदेशी अभ्यास दौऱ्याची हवा होती. चेअरमन जायचे, मर्जीतले संचालक जायचे आणि बरोबर एक कामाचा माणूस न्यायचे. एका साली मेक्सिकोत कमी पाण्यावर ऊस कसा काढतात ते बघायला निघाले, आणि कामाचा माणूस म्हणून घोळवे साहेबांना घेतलं.

आदल्याच वर्षी साहेबांना कावीळ झालेली. गेले होते हातचे. वहिनींनी ताक-भातावर ठेवून, डोळ्यांत तेल घालून त्यांना उठवलं होतं. दौऱ्याचं कळल्यावर वहिनींनी सरळ दशम्यांचं मनावर घेतलं. ज्वारीचं पीठ दुधात मळून केलेल्या भाकरी, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, म्हणजे प्रवासात टिकतात. त्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, कापण्या. आमची बायको मदतीला जाऊन बसली आणि दोन दिवस मला स्वतःच्या घरात चहा मिळाला नाही. सगळं जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात बांधलं. साहेब जीपमध्ये बसणार, तेवढ्यात सगळ्यांच्या देखत वहिनींनी आपल्या गळ्याला हात लावला.

"माझ्या गळ्याची आन हाय तुमाला. तिथलं काय बी तोंडात घालू नका."

लोक हसले. साहेबांनी लाजून मान हलवली. चेअरमन म्हणाले, "वहिनी, आमी हावोत की संगं." जीप गेली, आणि आठ दिवसांनी साहेब आले ते मेक्सिकोचे होऊनच.

त्याच साली वार्षिक सभेत काय झालं, ते ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. मंडपात सभासद दाटीवाटीनं बसलेले. आमच्याकडं बाजीबा म्हणून एक म्हातारा सभासद होता; त्याचा आवाज असा, की लाउडस्पीकर बंद पडला तरी सभेचं काही अडू नये. तो उठला. "चेअरमन, आमच्या उसाच्या पैशानं तुमी मेक्सिकोला गेलतात. तिथं काय दिवे लावले ते ऱ्हाऊ द्या. काय खाल्लं, तेवढं तरी सांगा." मंडप आधी हसला, मग हळूहळू तापायला लागला. मागून कुणी तरी खुर्ची आपटली. चेअरमननी घोळवे साहेबांकडं पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं, ते मला फार उशिरा कळलं.

साहेब उठले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. म्हणाले, तिथं बाजारात एक म्हातारी बसती. मका चुन्याच्या पाण्यात उकळती, पाट्यावर वाटती, दोन्ही तळहातांत गोळा थापती, ह्या हातावरून त्या हातावर. मातीच्या तव्यावर टाकती. वर घेवड्याची उसळ, मिरचीचा ठेचा आणि निवडुंगाची भाजी. सांगता सांगता साहेबांनी माइक चेअरमनच्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी थापून दाखवायला लागले. मंडप गप्प झाला. बाजीबा म्हणाला, "मंग आपल्यात आन त्यांच्यात फरक काय?"

"कायच न्हाई," साहेब म्हणाले. "खाऊन सांगतोय."

टाळ्या पडल्या, सगळे विषय मंजूर झाले. तिथून पुढं सभा तापली की चेअरमन साहेबांकडं माइक सरकवायचे. साहेबांची भाकर म्हणजे तापलेल्या सभेवरचं ताक झालं होतं. ती कशी करतात, कशी दिसते, वास कसा येतो, सगळं साहेब रंगवून सांगायचे. फक्त चव कशी असते असं कुणी विचारलं, की म्हणायचे, "ते सांगून कळत न्हाई." आम्हाला वाटायचं, वा, काय बोलला माणूस.

एकदा त्यांनी कॉलनीला ती भाकर खाऊ घालायचंच ठरवलं. मका आणला, मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि पानपट्टीवरून आणलेला चुना त्यात ओतला. किती घालायचा ते तिथं विचारायचं राहून गेलं असावं. वास असा सुटला, की भिंती रंगवायला काढल्यात की काय असं वाटावं. वाटलेला गोळा हातावर धरेना, तव्यावर पडला की चिरफळ्या. तरी आम्ही खाल्लं. आमच्या बायकोची जीभ सोलून निघाली आणि तिनं साहेबांना नव्हे, मला बोल लावले. वहिनींनी मागच्या चुलीवर सगळ्यांसाठी पिठलं टाकलं. वाढताना तेवढं विचारलं, "तिथं अशीच लागती का वो?"

साहेब पाण्याचा तांब्या तोंडाला लावत म्हणाले, "जवळपास." वहिनी त्यांच्याकडं बघत राहिल्या. पुन्हा त्यांनी ते कधी विचारलं नाही.

पुढं पावसानं पाठ फिरवली. एक साल सोसलं असतं, पण लागोपाठ. तळ्याच्या तळाला भेगा पडल्या, ऊस उभ्याचा चिपाड झाला, गाळपाचा भोंगा वाजलाच नाही. ऊस तोडणाऱ्या टोळ्या पोराबाळांसकट दुसऱ्या जिल्ह्यांत निघून गेल्या. जिथं उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या तळावर गुरांची छावणी बसली. पगार थांबले. साहेबांना छावणीवर नेमलं. नेमलं म्हणजे काय, दुसरं काम नव्हतं म्हणून ते जाऊन उभे राहायचे. चारा कधी यायचा, कधी नाही. मग साहेबांनी निवडुंग काढला. कुंपणाचा फड्या निवडुंग तोडून आणायचा, काटे जाळायचे, तुकडे करून गुरांपुढं टाकायचे. तिथं माणसं खातात, गुरं का नाही खाणार, असं म्हणायचे. लोक त्यांना निवडुंग साहेब म्हणायला लागले. काही गुरांनी खाल्लाही, उगाच खोटं कशाला बोलू.

बाजीबाच्या गाईनं मात्र खाल्ला नाही. हाडाचा सापळा झालेली, तरी तोंड फिरवायची. बाजीबाचा आवाजही तेव्हा खाली बसला होता. म्हणाला, "साहेब, तुमचं तिथलं माझी गाय खाईना. आता काय करू?" साहेब गाईसमोर उकिडवे बसले आणि हातात तुकडा धरून तिच्या तोंडाशी नेत राहिले. दुपार गेली. गाय मान वळवायची, साहेब दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचे. मी म्हणालो, "साहेब, उठा आता." तर म्हणाले, "उठून कुठं जाऊ?" वहिनींनी डबा आणला. साहेबांनी तिथंच, गाईशेजारी बसून भाकरी खाल्ली, आणि ती उलटी करून पाहिली नाही. माझ्या देखत तरी ते पहिल्यांदाच. संध्याकाळी गाय खाली बसली, ती परत उठली नाही.

कॉलनी रिकामी होत गेली. मीही गाशा गुंडाळून पुण्याला आलो, चंदननगरला खोली केली, एका बांधकामावर सिमेंट-सळईच्या गोदामाची राखण धरली. साहेब-वहिनी मागंच राहिले. मूलबाळ नाही, जाणार कुणाकडं?

मग एका उन्हाळ्यात साहेबांचा फोन आला. वहिनींना पुण्यात आणलं होतं, एका दवाखान्यात गरिबांसाठी राखलेली खाट मिळाली होती. पोटाचं दुखणं. ते इतकं पुढं गेलेलं, की डॉक्टरांनी हात टेकले होते. म्हणाले, आता पथ्य नाही, खावंसं वाटेल ते द्या. पण वहिनींना काहीच खावंसं वाटत नव्हतं. माझ्या बायकोनं पेज नेली, कण्या नेल्या, डाळिंबाचे दाणे नेले. साहेब चमचा घेऊन खाटेशी बसायचे, वहिनींच्या ओठापाशी न्यायचे आणि म्हणायचे, "एवढं एकच. माझ्यासाठी." वहिनी डोळे मिटून मान वळवायच्या. मला ती गाय आठवली. मी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो, बघवेना.

एका दुपारी वहिनी आपण होऊन बोलल्या. "आवो, ती तुमची तिथली भाकर हितं भेटती का?"

साहेबांच्या हातातला चमचा तसाच राहिला. मला इतका आनंद झाला, की मीच बोललो, "भेटती म्हंजे? पुण्यात काय भेटत न्हाई? आत्ता आणतो." साहेबांना दंडाला धरून उठवलं. जिन्यात ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे लिंबाजी. तिला काय सोसायचंय ते आता." मला राग आला. म्हणालो, "कावून? बायको इतक्या दिवसांनी तोंडानं काहीतरी मागती, आन तुमी पाय मागं घेता?" ते माझ्या मागं मागं चालत आले.

विमाननगर चंदननगरला खेटून आहे, पण आमची वहिवाट तिकडं सिमेंटच्या गाडीपुरती. मोठ्या हॉटेलांच्या दारात भाव लिहिलेली पाटी असते, ती वाचूनच आम्ही मागं फिरायचो. म्हणून कॉलेजकडच्या गल्लीत गेलो. एका गाड्यावर मेक्सिकन लिहिलेलं होतं. त्यानं पुडा फोडला, तिकोनी कुरकुरीत चकत्या द्रोणात ओतल्या आणि वर लाल चटणी सोडली. साहेब म्हणाले, "हे पापड हायेत." पुढं एक छोटं हॉटेल होतं. तिथं मैद्याची पोळी, आत पनीर, घट्ट गुंडाळलेली. मालक म्हणाला, "काका, हीच ओरिजिनल." साहेबांनी विचारलं, "मका चुन्यात उकळता का?" मालकानं माझ्याकडं बघून डोळ्यानंच विचारलं, ह्यांचं बरं आहे ना?

"ही न्हाई," साहेब म्हणाले. पुढच्या दुकानातही तेच, "ही न्हाई." उन्हानं माझा जीव मेटाकुटीला आला होता. मी म्हणालो, "साहेब, एक घास खाऊन तरी बघा. तुमी खाल्लेली हाय, तुमालाच कळणार. नुसतं बघून काय न्हाई म्हणता?" पण माणूस कशालाही तोंड लावायला तयार नाही. हातात घ्यायचे, उलटी करायचे, खाली ठेवायचे.

काचेच्या दाराच्या एका हॉटेलाबाहेर राखणीला उभा असलेला माणूस आमचं बोलणं ऐकून हसला. धारूरकडचा निघाला. साहेबांनी त्यालाही चुन्याचं विचारलं, तर त्यानं खिशातून चुन्याची पुडी काढून पुढं केली. मग सगळं समजावून सांगितल्यावर म्हणाला, "हितं नका येऊ काका, हितं पाणी सुदिक इकत हाय. मागच्या गल्लीत एक बाई घरातूनच करून देती. तिचा मालक जहाजावर खानसामा होता म्हणं, तिकडंच शिकून आलता."

मागची गल्ली म्हणजे बसकी घरं. एका खिडकीत फळी टाकलेली, आत एक पोक्त ख्रिश्चन बाई. साहेबांनी खिडकीत वाकून विचारलं, "बाई, मका..." बाई म्हणाली, "चुन्यात उकळते. रात्रभर ठेवते. नाहीतर ती भाकरी कसली?" साहेबांनी फळी घट्ट धरली. बाईनं गोळा घेतला आणि थापायला लागली, ह्या हातावरून त्या हातावर. तव्यावर टाकली. वास आला. मी इतकी वर्षं ऐकत आलो होतो तो सगळा प्रकार डोळ्यांसमोर घडत होता, आणि खरं सांगतो, मीच खिडकीत आणखी वाकलो. साहेबांनी भाकर उलटी केली. डाग बारीक होते.

बाईला आम्ही वहिनींचं सांगितलं. तिनं वर घेवडा घातला, मिरची बेताची ठेवली. बांधायच्या आधी एक तुकडा मोडून साहेबांपुढं धरला. "तुम्ही तिथं खाल्लीय ना? मग खाऊन सांगा. माझ्या नवऱ्यानंतर सांगणारं कुणी भेटलं नाही."

साहेबांनी तुकडा हातात घेतला. तोंडापर्यंत नेला आणि तसाच धरून उभे राहिले. मग खाली ठेवून मला म्हणाले, "मला काय म्हाईत रे. मी कुठं खाल्लीय?"

तिथंच, खिडकीजवळच्या कट्ट्यावर बसून त्यांनी सांगितलं. तिथं ते वहिनींच्या दशम्यांवर राहिले. चटणी आणि दशमी, दशमी आणि चटणी. चेअरमनचं पोट पहिल्याच दिवशी बिघडलं, मग तेही दशम्यांवरच आले. बाजारातली म्हातारी खरी होती. साहेब रोज तिच्यासमोर जाऊन उभे राहायचे. ती हसून तुकडा पुढं करायची आणि हे गळ्याला हात लावून नको म्हणायचे.

"मंग सभेत खोटं कावून बोललात?" मी विचारलं.

"काय सांगणार होतो? शेतकऱ्याच्या पैशानं गेलो आन घरच्या दशम्या खाऊन आलो? मंडप पेटला असता. चेअरमननी डोळ्यानं सांगितलं, वेळ मारून न्या. नेली. मग ती दर साली न्यावी लागली."

"आन वहिनी?"

"आन घालणाऱ्यानं 'सुटली' म्हणल्याबगर आन सुटत न्हाई. तिला म्हणायला लावायचं, तर मी तिथं खाल्लं न्हाई हे सांगावं लागणार. आन खाल्लं म्हणून सांगतो, म्हंजे तिच्या गळ्याची आन मोडली असं तिच्यासमोरच सांगत आलो. आता तिचं हे असं झालंय. ही बी तिथलीच भाकर. मी हा तुकडा खाऊ कसा?"

मला संताप आला, आणि कुणावर काढावा ते कळेना. एवढा शिकलेला माणूस. शपथ पाळली तीही अशी, की मोडली म्हणून सांगत फिरला. बाईला सगळं कळलं होतं. तिनं भाकर फडक्यात गुंडाळून दिली आणि पैसे घ्यायला तयार झाली नाही.

रिक्षा गर्दीत अडकत अडकत गेली. दवाखान्यात पोचेपर्यंत भाकर गार झाली होती, भेटीची वेळ संपत आलेली. साहेबांनी फडकं सोडलं, वहिनींच्या नाकाशी नेलं. त्यांनी वास घेतला, डागांवर बोट फिरवलं.

"हीच का?"

"हीच," साहेब म्हणाले.

"आधी तुमी खा."

"तुझ्यासाठी आणली ना."

वहिनींनी उशीवरून हात उचलला. तो गळ्यापर्यंत न्यायला त्यांना बराच वेळ लागला. गळ्याला हात लावून म्हणाल्या, "सुटली."

वहिनी हळूहळू, थांबत थांबत बोलल्या. "चटणीचा डबा नखानं खरवडून आणलता तुमी. भाईर पोट भरलेला माणूस डबा खरवडतो का? मला तवाच कळलं. चारचौघांत तुमाला खाली बघावं लागंल म्हणून बोलले न्हाई. माझ्यामुळं तुमचं खायचं राहिलं. खा आता, मला बघू द्या."

म्हणजे वहिनींनी स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं. मी दारापाशी उभा होतो, माझे डोळे भरले. साहेबांनी तुकडा मोडला, तोंडात घातला. त्यांना तो चावताही येईना.

वहिनी त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "एक इचारू? तवा इचारता आलं न्हाई. इचारलं असतं तर तुमचं उघडं पडलं असतं." फडक्याचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं. "माझ्या दशम्या कशा झालत्या? शेवटपतुर टिकल्या का? वास न्हाई ना आला?"

साहेबांच्या तोंडात अजून तोच घास. ते मान हलवत होते, पण ती हो म्हणून का नाही म्हणून, ते मलाही समजेना, त्या माउलीला काय समजणार? तेवढ्यात सिस्टर आल्या, वेळ संपली म्हणाल्या. साहेबांनी हात जोडले, एक मिनिट मागितलं. सिस्टरही काय करणार, शेजारच्या खाटेवरच्या बाईला तपासणीला घेऊन जायचं होतं, त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. दार लोटलं गेलं. साहेब त्या दाराशी उभे राहून म्हणत होते, "मी सांगतो. उद्या आल्याबरोबर सांगतो."

दुसऱ्या दिवशी वहिनी शुद्धीवर नव्हत्या. साहेब दिवसभर त्यांच्या कानाशी लागून बोलत होते. पोचलं की नाही, देव जाणे. संध्याकाळी सगळं आटोपलं.

त्यानंतर साहेब मला एकदाच भेटले, बीडच्या बसस्टँडवर. कामगारांच्या दाव्याची कोर्टात तारीख होती म्हणून मी गेलो होतो. साहेब बाकावर बसले होते, उमापूरला भावाकडं राहायला निघालेले. सफारी तीच, पण आता ढगळ झालेली. मी शेजारी जाऊन बसलो. तेवढ्यात गर्दीतून बाजीबा आला. म्हातारा आणखी वाकला होता, आवाज मात्र परत आला होता. त्याला वहिनींचं काही ठाऊक नव्हतं. बाकावरच्या लोकांना म्हणाला, "ह्ये आमचे साहेब. मेक्सिकोला गेलते. साहेब, ती तिथली भाकर सांगा की ह्यास्नी."

मी बाजीबाला गप्प करायला उठणार होतो. साहेबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. खिशातून चुन्याची डबी काढली आणि बाजीबाच्या हातात दिली. "ठिवा तुमालाच," म्हणाले. "बाजीबा, मी तिथं काय बी खाल्लं न्हाई. खोटं बोललो मी. घरून दशम्या नेल्त्या, त्याच खाल्ल्या."

बाजीबानं आ वासला. "आमच्या पैशानं जाऊन दशम्या खाल्ल्या?"

"हां."

बाजीबा काही तरी लागेल असं बोलणार, असं मला वाटलं. पण साहेबांचा चेहरा बघून तो डबी हातात घेऊन तसाच उभा राहिला. उमापूरच्या वाटेवरची गेवराईची गाडी लागली. साहेब पिशवी उचलून चढले, खिडकीशी बसले. शेजारी कुणी अनोळखी बाई लेकराला घेऊन बसली होती. गाडी सुरू व्हायच्या आधी साहेब तिच्याकडं वळले आणि दोन्ही हातांनी थापून दाखवत तिला सांगायला लागले. मी खिडकीखाली उभा होतो, मला ऐकू आलं.

"दुधात मळलेल्या होत्या. शेवटच्या दिवसापतुर मऊ. एकीला बी वास आला न्हाई."